आधी दारं लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५९ सालची मॉरिस मायनर १०००, दोन दारांची, वडिलांनी अनेक वर्षं चालवलेली. ब्रेकचं पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जायचं, म्हणून मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलमधून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा भाग) बदलायला घेतलं. ब्रेक, रंग आणि सीटची कव्हरं, एवढंच काम सहा महिन्यांत करायचं ठरलं होतं. आज सव्वीस महिने झाले. इंजिन जमिनीवर आहे, दारं, मडगार्ड आणि काचा वेगवेगळ्या कोपऱ्यांत आहेत, खर्च दुपटीच्या पुढे गेला आहे आणि कामांची यादी वाढतेच आहे. आता सांगाडा उघडाच आहे, तर १२७५ सीसीचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक आणि गाडी फिरत्या स्टँडवर (ज्यावर ती कुशीवर वळवता येते) चढवून संपूर्ण तळ, हेही उरकून घ्यावं का, की आहे तिथे थांबावं?

सांगाड्याचं काम पूर्ण करा. इंजिन, डिस्क आणि फिरता स्टँड तिन्ही सोडा. कारण सविस्तर सांगतो, कारण नुसता निर्णय तुमच्या उपयोगाचा नाही. पुढच्या वर्षभरात असे वीस निर्णय तुम्हाला एकट्याने, हातात पाना असताना घ्यावे लागणार आहेत.

हे काम कसं वाढलं ते मला तुमच्या वर्णनावरून दिसतं, कारण मायनरमध्ये ही वाट जवळपास ठरलेली असते. तिचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतो. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, सांगाड्याच्या तळातल्या पोकळ रेलमध्ये बसवलेला असतो. त्याचे बोल्ट ओढून काढायला गेलं की पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आडवा येतो. म्हणून आधी बारचा ताण उतरवायचा. त्या बारचं मागचं टोक मधल्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे तळाच्या आडव्या तुळईवर, धरलेलं असतं, आणि तिथे पाना लावला की गंजाचे पापुद्रे हातात येतात. क्रॉसमेंबरचं टोक गेलं असेल तर त्याला लागून असलेला सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी) धड असण्याची शक्यता कमीच. सिल बघायला कार्पेट उचललं की फ्लोअरची कड दिसते. एका रबरी सीलसाठी सुरू झालेलं काम चार पायऱ्यांत गाडीच्या कण्यापर्यंत पोचलं. यात तुमचं काही चुकलं नाही. मायनरला वेगळा चॅसिस नाही. फ्लोअर, सिल, क्रॉसमेंबर आणि पुढच्या रेल मिळून ती उभी असते. हे सगळं सडलेलं असताना नवा मास्टर सिलिंडर बसवून गाडी रस्त्यावर आणली असती, तर ती चूक झाली असती.

चुकलं ते त्यानंतर. सिल सडलेला दिसल्यावर तुम्ही मागची काच काढली, छताचं कापड उतरवलं, वायरिंगची संपूर्ण माळ ओढून घेतली, डॅशबोर्ड मोकळा केला. सिल बदलायला यातलं काहीच लागत नाही. हे का होतं ते मला माहीत आहे. सुटं करण्याचं काम वेगाने होतं आणि दिवसाच्या शेवटी ढीग दिसतो, त्यामुळे काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. वेल्डिंगमध्ये तसं होत नाही. तिथे अख्खा रविवार जातो आणि वीतभर पत्रा लागतो. म्हणून हात नकळत सोप्या कामाकडे जातो. पण काढलेली प्रत्येक वस्तू परत बसवायला काढण्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या कुठल्याच अंदाजात धरलेला नव्हता.

नवं काम समोर आलं की बहुतेक जण विचारतात, "हे खराब आहे का?" साठ वर्षं उलटून गेलेल्या गाडीत या प्रश्नाचं उत्तर नेहमी हो असंच येतं. खिडकीची मूठ ढिली आहे, गिअरचा दांडा खुळखुळतो, क्रोमला डाग आहेत, सगळंच खरं. मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: हे आज तसंच ठेवून गाडी बंद केली आणि पाच वर्षांनी करायचं ठरवलं, तर काय काय उघडावं लागेल? उत्तर "चार स्क्रू" असेल तर ते काम आज यादीतून बाहेर. उत्तर "सिल परत कापावा लागेल" किंवा "रंग जाळावा लागेल" असेल तर ते आजच करायचं, मग ते कितीही कंटाळवाणं असो. याला अपवाद एकच, जिवाला धोका असलेल्या गोष्टी. त्या आजच.

तुमच्या गाडीवर हा प्रश्न लावून बघा. सिलच्या आतली उभी प्लेट थोडी सडली आहे, "चालून जाईल" असं वाटतंय. बाहेरचा सिल बसला की तिथे परत हात पोचणार नाही. बदला. मागच्या स्प्रिंगचा पुढचा कंस जिथे तळाला लागतो तो पत्रा पातळ झालाय. त्यावर अंडरसील फासलं की तो दिसणारही नाही. बदला. इंजिन बाहेर आहेच, तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग बघा. मायनरचं हे बेअरिंग ग्राफाइटचं असतं, झिजलेलं असेल तर आत्ताच टाका, कारण नंतर इंजिन परत उचलावं लागेल. इंजिनामागची फायरवॉल घासून रंगवा, तेही आत्ताच. मागची ब्रेक पाइप तळाला क्लिपांनी धरलेली आहे, आज उघडी आहे, नवी टाका. आता सीटची कव्हरं? क्रोमचे बंपर? हीटर? डायनॅमो काढून अल्टर्नेटर? दाराची आतली पॅड? यातलं काहीही एखाद्या शनिवारी, चालत्या गाडीवर करता येतं. तुमच्या यादीत मी सदतीस कामं मोजली. या प्रश्नाच्या चाळणीतून त्यातली चौदा उरतात.

या गाडीच्या जन्माचीच एक हकिगत इथे सांगितली पाहिजे, कारण ती मला नेहमी मदत करते. आराखडा जवळपास पक्का झाला होता, तरी मायनरचे रचनाकार अ‍ॅलेक इस्सिगोनिस यांचं समाधान होत नव्हतं. गाडी अरुंद दिसत होती. त्यांनी नमुन्याची गाडी मधोमध उभी कापायला लावली, दोन्ही अर्धे भाग दूर सरकवून पाहिले आणि चार इंचांवर थांबले. तुमच्या बॉनेटच्या मधून जाणारा सपाट पट्टा तो त्या चार इंचांचा आहे. बंपर तोवर तयार झाले होते, म्हणून सुरुवातीच्या गाड्यांचे बंपर मधे कापून त्यात तुकडा जोडलेला आहे. म्हणजे ऐन वेळी काम वाढलं, आणि त्यांनी ते वाढू दिलं. पण याच गाडीसाठी नवं फ्लॅट-फोर (चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे असलेलं) इंजिन ठरलं होतं, ते मात्र सोडून देण्यात आलं. १९४८ मध्ये मायनर लोकांसमोर आली ती जुनं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन घेऊन. चांगलं इंजिन मागाहून आलं: १९५२ मध्ये ८०३ सीसी, १९५६ मध्ये तुमच्याकडे आहे ते ९४८, १९६२ मध्ये १०९८. पत्र्याचे साचे एकदा चालू झाल्यावर रुंदी बदलणं अशक्यप्राय होतं. इंजिन बदलता येत होतं, आणि तीनदा बदललं गेलं. तुमच्या गॅरेजमध्ये आज नेमका हाच निवाडा करायचा आहे.

आता सांगाडा. यावर जास्त लिहितो, कारण इथे झालेली चूक दुरुस्त होत नाही.

फिरत्या स्टँडचा विचार डोक्यातून काढून टाका, निदान आत्ता तरी. तो स्टँड गाडीला पुढून आणि मागून, दोन टोकांना धरतो. मधला भाग लोंबतो. तुमच्या गाडीत नेमका मधला भागच सडलेला आहे. सिल आणि क्रॉसमेंबर कमकुवत असताना तिला असं टांगलं, तर सांगाडा मधे वाकेल आणि त्याच वाकलेल्या स्थितीत तुम्ही नवे सिल वेल्ड कराल. मग दारं आयुष्यभर लागणार नाहीत. तळाचं पत्र्याचं काम जमिनीवरच, गाडी सपाट उभी असताना करायचं. स्टँड सस्पेन्शन जिथे बसतं त्याच्या जवळ, धड पत्र्याखाली ठेवा, म्हणजे वजन चाकांवर असताना सांगाडा ज्या आकारात असतो तसाच राहील. क्रॉसमेंबरच्या टोकांना, म्हणजे मूळ जॅक लावायच्या जागी, भार देऊ नका. तीच टोकं गेली आहेत.

दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक बाजू पूर्ण बंद करायची, मगच दुसरीला हात लावायचा. कापण्याआधी दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप टाकून बांधून घ्या, आणि एक आडवा पाइप दोन्ही बाजूंच्या खांबांमध्ये. हे पाइप आतल्या बाजूने लावा, दाराच्या चौकटीच्या मधोमध नको. दार उघडता आणि बंद करता आलं पाहिजे. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याकडे परत येतो.

मूळ स्पॉट वेल्ड ८ मिलिमीटरच्या स्पॉट-कटरने मोकळे करा. ग्राइंडरने ओरबाडलंत तर ज्या पत्र्यावर नवीन बसवायचं तोच पातळ होईल. सिल आणि फ्लोअरसाठी ०.६ मिलिमीटरची वेल्डिंगची तार मला सोयीची पडते. लांब सलग टाका ओढू नका, इथे थोडा, तिथे थोडा असं करत जा, नाहीतर पत्रा तापून लाटा उठतात. काम सुरू करण्याआधी त्याच जाडीचे दोन तुकडे जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि हातोडीने वाकवा. जोड फाटला तर तुम्ही गाडीवर वेल्डिंग करायला तयार नाही. जोडाशेजारचा पत्रा फाटला तर तयार आहात. ही परीक्षा मी आजही दर वेळी मशीन लावल्यावर घेतो. पेट्रोलची टाकी आधी बाहेर काढा, डिकीच्या फ्लोअरखाली ती नुसती लटकवून ठेवू नका. आतला फेल्ट आणि डांबरी पत्रा जिथे वेल्डिंग होणार तिथून हातभर खरवडून काढा. आग आत, तुमच्या पाठीमागे लागते आणि धूर येईपर्यंत कळत नाही. काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच थांबा.

बंद होणारी प्रत्येक पोकळी बंद होण्याआधी आतून प्रायमर, आणि रंग झाल्यावर मेण. पाणी बाहेर जायची भोकं मोकळी ठेवा. मला दुरुस्तीला आलेल्या कितीतरी "नव्या" सिलमध्ये ही भोकं वेल्डिंगने किंवा सीलरने बुजलेली असतात आणि दोन-चार वर्षांत सिल आतून परत संपलेला असतो.

प्रायमरवरून मला माझी पहिली पूर्ण गाडी आठवते. फोक्सवॅगन बीटल. तीन दिवसांत मी ती शेवटच्या नटापर्यंत सुटी केली आणि एवढ्या वेगाने काम होतंय म्हणून फार खूश होतो. पत्र्याचं काम दीड वर्षात झालं. मग इंजिन, मग गिअरबॉक्स, मग पैसे साठवणं, असं करत सांगाडा करड्या साध्या प्रायमरमध्ये उभा राहिला. आडोशाला होता, पाऊस लागत नव्हता, म्हणून मी निश्चिंत. साधा प्रायमर हवेतला ओलावा शोषतो हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी रंगासाठी घासायला घेतला तेव्हा करड्या थराखाली सगळीकडे बारीक तपकिरी ठिपके होते, छतावरसुद्धा. पुन्हा उघड्या पत्र्यापर्यंत जावं लागलं. सुट्या भागांच्या खोक्यांवर मी काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे दाराची कुलपं जुळवण्यात दोन महिने गेले. ती गाडी शेवटी चालली, पण ज्या मित्राबरोबर ती घेतली होती तो तोवर दुसऱ्या गावी निघून गेला होता. आम्ही दोघं तिच्यात कधीच एकत्र बसलो नाही. तेव्हापासून उघडा पत्रा दिसला की मी त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारतो, आणि दुसरं काही सुरू करण्याआधी सांगाडा रंगापर्यंत नेतो. तुमचा सांगाडा किती दिवस उघडा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. साधा प्रायमर मारला असेल तर या आठवड्यात एक कोपरा घासून खाली बघा.

यांत्रिक भागाचं थोडक्यात. इंजिन उघडण्याआधी ते खरंच उघडायला हवं का ते तपासा. तुम्ही म्हणता ते काढलं तेव्हा चालू होतं आणि धूर नव्हता. मग ते जमिनीवर असतानाच स्टार्टर जोडून कॉम्प्रेशन बघता येईल. चारही सिलिंडरमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर हेडला हात लावू नका. एखादा कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघा: आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. ऑइलचा दाब गरम इंजिनावर धावताना ६० पीएसआयच्या आसपास आणि आयडलला १५ च्या खाली नाही, एवढं असेल तर खालचा भागही तसाच राहू द्या. मायनरला दाबाचा नुसता दिवा असतो, म्हणून तपासणीपुरतं गेज जोडा. आणि मागच्या मेन बेअरिंगकडून ऑइलचे थेंब पडतात म्हणून इंजिन खोलू नका. या इंजिनांना तिथे रबरी सील नसतं, ऑइल परत फेकणारा आटा असतो. थोडे थेंब पडणारच. त्या थेंबांपायी पूर्ण इंजिन बांधून घेतलेले आणि नंतरही थेंब पाहणारे लोक मी पाहिले आहेत.

दोन गोष्टी मात्र आत्ताच करा, कारण त्या जिवाच्या आहेत. पहिली, पुढच्या सस्पेन्शनचे खालचे ट्रनियन. चाक वळताना ज्या उभ्या पिनेवर फिरतं ती स्विव्हल पिन त्यांच्यात आट्यांवर फिरते आणि ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात. पुरते झिजले की पिन ट्रनियनमधून निसटते आणि चाक आत दुमडतं. चाक वर उचलून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर दोन्ही बाजूंचे नवे घाला, आणि नंतर ग्रीसगन नियमाने चालवा. दुसरी, ब्रेक, जिथून सगळं सुरू झालं. नुसता मास्टर सिलिंडर पुरणार नाही. चाकांचे सिलिंडर, सगळे रबरी होज आणि पाइप बदला. जुने होज बाहेरून ठीक दिसतात आणि आतून फुगून बंद होतात, मग एक चाक धरून बसतं. यात एकच सर्किट आहे. एक पाइप फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ब्रेक ऑइल पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. म्हणून गाडी पूर्ण होण्याआधी वर्षभर सिस्टिम भरून ठेवू नका. पाइप टाका, तोंडं बंद करा, ऑइल शेवटी. मास्टर सिलिंडर बसवताना टॉर्शन बार अजून खालीच आहे ना ते बघा, नाहीतर तोच त्रास परत.

आता १२७५. मला हे इंजिन आवडतं, माझ्या स्वतःच्या गाडीत आहे. म्हणूनच सांगतो की ते एकटं येत नाही. तुमच्या ९४८ मध्ये ३७ अश्वशक्ती आहे. जवळपास दुप्पट ताकद आली की जुना गिअरबॉक्स टिकत नाही, म्हणून मजबूत रिब्ड केसचा, म्हणजे कवचावर आधाराच्या कडा असलेला, शोधायचा. मागच्या अ‍ॅक्सलचं ४.५५ हे गुणोत्तर तेव्हा फार तोकडं वाटतं, म्हणून निदान १०९८ चं ४.२२ आणायचं. वेग वाढला म्हणून डिस्क, डिस्कला पेडल जड जातं म्हणून अनेकदा सर्व्हो (पेडलचा जोर वाढवणारा भाग), जास्त उष्णता म्हणून रेडिएटर. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे वाजवी वाटते आणि सगळी मिळून एक वेगळीच गाडी होते. वर विचारलेला प्रश्न इथेही विचारा: हे नंतर करायचं तर काय उघडावं लागेल? इंजिन उचलायचं, गिअरबॉक्स उतरवायचा, ड्रम काढायचे. पत्र्याला एक ओरखडाही जात नाही. मूळ इंजिनाच्या ताकदीसाठी बनवलेले चारही ड्रम नीट जुळवले, शू घासून बसले, की त्या गाडीला पुरेसे थांबवतात. गाडी एक वर्ष मूळ इंजिनावर चालवा आणि मग ठरवा. अशा गाड्यांत मी जितके लोक पाहिले त्यातल्या बऱ्याच जणांना वर्षभरानंतर मोठं इंजिन नकोच वाटलं, कारण मायनरची चाल त्या ३७ अश्वशक्तीसोबत जमलेली आहे.

वायरिंगची माळ तुम्ही काढली आहे, म्हणून एवढंच: जुन्या कापडी आवरणाच्या तारा वाकवल्यावर आतलं रबर तडकत असेल तर नवी माळ घ्या, मूळ आराखड्याची. तुमच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ आहे (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) आणि फक्त दोन फ्यूज. दोन-चार फ्यूज वाढवून घ्या. पोलॅरिटी उलटवण्याचं, अल्टर्नेटरचं, रेडिओचं काम या फेरीत नको.

वेळेचा हिशेब मी महिन्यांत करत नाही, तासांत करतो. तुम्ही लिहिलंय की रविवारचे साधारण पाच तास मिळतात. सणवार, आजारपण, पाहुणे वजा करून वर्षात चाळीस रविवार धरा. म्हणजे वर्षाला दोनशे तास. एका बाजूचा सिल, आतली प्लेट, क्रॉसमेंबरचं टोक आणि फ्लोअरची कड, एवढं मला आजही साठ तासांच्या आत होत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने शंभर धरावेत. दोन बाजू, दोनशे तास, म्हणजे फक्त पत्र्याला एक वर्ष. रंगाची तयारी, जोडणी आणि वायरिंग यांना मिळून आणखी दीडशे-दोनशे. म्हणजे उरलेली चौदा कामं घेऊनही दोन वर्षं. सदतीस कामं घेतलीत तर मी तुम्हाला तारीखच सांगू शकत नाही. दोन वर्षंही फार वाटत असतील तर वेल्डिंगचा भाग बाहेर द्या, त्यात काही कमीपणा नाही. पण देताना गाडी बांधलेली, दारं लावलेली द्या आणि काय कापायचं ते पत्र्यावर खडूने आखून द्या, नाहीतर त्यांचीही यादी वाढत जाईल.

सुटे भाग घेण्याबद्दल एक सूचना. सिल, क्रॉसमेंबरची टोकं, फ्लोअरचे तुकडे आत्ता घ्या. त्यांच्याशिवाय काम अडतं, आणि बनवणाऱ्यागणिक ते थोडे वेगळे बसतात म्हणून जुनं कापण्याआधी समोर ठेवून ताडून बघावे लागतात. रबरी बीडिंग, होज, ब्रेकची सीलं, कव्हरचं कापड आत्ता घेऊ नका. रबर खोक्यातही म्हातारं होतं, आणि तोवर तुमचे पैसे तिथे अडकून राहतात.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी, जवळपास सहज, लिहिलंय की वडील आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि दर रविवारी खुर्ची घेऊन गॅरेजच्या दारात बसतात. मला वाटतं तुमच्या संपूर्ण प्रश्नातली ही सर्वांत महत्त्वाची ओळ आहे आणि ती यादीत कुठेच दिसत नाही. ही गाडी प्रदर्शनासाठी नाही. ती त्या माणसाला शेजारी बसवून फिरायला जाण्यासाठी आहे. असं असेल तर क्रोमवरचे डाग तसेच राहू द्या. त्यांच्या कोपराने गुळगुळीत झालेली दाराची पट्टी, त्यांच्या हाताने झिजलेलं स्टीअरिंग, हे "नवं" करायच्या यादीत आहेत, ते तर काढूनच टाका. त्यांना विचारा की कुठला आवाज कधीपासून होता, कुठल्या बाजूने पाणी यायचं. गाडीचा इतिहास माहीत असलेला माणूस तीन फुटांवर बसलेला आहे. माझ्या वाट्याला अशी सोय क्वचित आली.

आता येत्या रविवारचं काम. ग्राइंडर बाहेर काढू नका. दारं परत लावा. तुम्ही ती काढून ठेवली आहेत आणि सिल कापायच्या तयारीत आहात, म्हणून हे आधी सांगायला हवं होतं असं मला लिहिताना वाटत होतं. सिल नीट बसला की नाही हे सांगणारं दुसरं मापच नाही; दार हेच माप. बिजागऱ्या मूळ जागी, मूळ पॅकिंगसह लावा. वडिलांना एक बाजू धरायला सांगा, दार फार जड नाही. बंद करा आणि फट मोजा: पुढच्या कडेला वर, मधे, खाली, मागच्या कडेला वर, मधे, खाली, आणि खाली सिलवर दोन ठिकाणी. आकडे मास्किंग टेपवर लिहून त्या-त्या जागी दारावरच चिकटवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. मग आतून पाइप वेल्ड करा, दार उघडून बंद करून बघा, आकडे परत मोजा. जुळले तर त्या बाजूचा सिल पुढच्या रविवारी कापा. पहिले टाके मारल्यावर, पूर्ण वेल्डिंगच्या आधी, दार परत एकदा बंद करून टेपवरचे आकडे बघा. एखादा मिलिमीटर हललेला असेल तर त्या वेळी टाका तोडून सरकवता येतो.